शंभराला पाच

कुदळीचा दांडा सैल झाला म्हणजे माळी काय करतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेले असते. तो कुदळ खाली करतो, दांड्याचे जाड टोक दगडावर दोनदा आपटतो आणि पुन्हा खणायला लागतो. ना खिळा, ना दोरी. दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला किंचित बारीक असतो, एवढीच काय ती करामत. जितके खणावे तितका तो घट्ट बसत जातो. बाटलीचे बूच, जात्याचा खुंटा, मिरजेच्या तंबोऱ्याची खुंटी ही सारी याच कुळातली मंडळी. तंबोऱ्याची तार केवढी ओढ देत असते! पण खुंटी भोकात दाबून पिळली की मैफल संपेपर्यंत जागची हलत नाही. त्यातूनही सूर ढळलाच, तर तो दोष खुंटीचा नव्हे.

या आकाराला आपण निमुळता म्हणतो. संस्कृतात त्याला गोपुच्छ असे मोठे गोड नाव आहे. नाट्यशास्त्रात मृदंगाचे तीन आकार सांगितले आहेत: एक हिरड्यासारखा, एक जवाच्या दाण्यासारखा मध्ये फुगीर, आणि तिसरा गोपुच्छ, म्हणजे गाईच्या शेपटीसारखा. फारसीत याच आकाराला गावदुम म्हणतात. गाव म्हणजे गाय, दुम म्हणजे शेपूट. हा शब्द आपल्या जुन्या मराठीतही सुखाने नांदत होता. दोन निरनिराळ्या भाषांतल्या माणसांना निमुळता आकार पाहून एकाच जनावराचे एकच अंग आठवावे, याची मला वर्गात शिकवताना नेहमी गंमत वाटते. मुलांना तितकीशी वाटत नाही. असो.

दौंडच्या ज्या शेडमध्ये मी गेली दोन वर्षे अधूनमधून जाऊन बसतो, तिथे मात्र या आकाराचे नाव टेपर. तिथे जाण्याचे निमित्त शब्दांचेच होते. कारखान्यात बोलली जाणारी मराठी वहीत टिपून ठेवावी असे मनात आले आणि पुस्तकांऐवजी लोखंडाच्या किसात शब्द वेचू लागलो. एक उदाहरण देतो. आपण सूत कातणे म्हणतो, तसेच लाकूड कातणेही म्हणतो. चातीवर धागा कातायचा, तसे फिरत्या यंत्रावर लाकूड कातायचे. ते काम करणारा तो कातारी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे गुळगुळीत गोलावे असेच कातलेले. नायिकेचा बांधा कातीव आहे असे कादंबरीकार लिहितो, तेव्हा तो नकळत लेथचीच उपमा देत असतो. आणि गंमत अशी, की या शेडमध्ये सूत म्हणजे धागा नव्हे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पोलादाच्या जाड शाफ्टवरून ‘अर्धं सूत अजून उतरवा’ असे शब्द मी ऐकले, तेव्हा वहीची दोन पाने त्यातच भरली.

लेथ हे यंत्र ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका टोकाला लोखंडी मूठ, जिला चक म्हणतात. ती काम घट्ट धरून गरगर फिरवते. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉक; तो आपल्या टोकदार नाकाने फिरत्या कामाला आधार देतो. या दोघांच्या मध्ये बेडच्या रुळांवर सॅडल सरकते आणि तिच्यावर हत्यार बसवलेले असते. काम फिरते, हत्यार सरकते आणि लोखंडाचा कीस निघत राहतो. पूर्वी कारागीर हत्यार हातात धरी. 1800 सालच्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ली याने ते सरकत्या पाटावर पक्के बसवून स्क्रूच्या चालीने चालवायला सुरुवात केली आणि हाताच्या थरथरीतून लोखंडाची सुटका झाली. लेथचा सारा अभिमान या सरळपणात आहे. हत्यार फिरत्या कामाला अगदी समांतर चालले पाहिजे. म्हणजे शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा निघतो. अशा सरळमार्गी यंत्राकडून तिरके काम करून घ्यायचे, ही खरी अडचण.

दौंडला असे यंत्र असणे नवलाचे नाही. हे गाव रेल्वेचे. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग 1858 च्या अखेरीस इथून पुढे दिक्सळपर्यंत गेला आणि 1878 मध्ये मनमाडचा फाटा निघाल्यावर दौंड जंक्शन झाले. साहेबाने त्याचे स्पेलिंग धोंड करून ठेवले होते. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचे इंजिन इथे एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. तेवढ्या वेळात चहा प्यालेले कितीतरी प्रवासी दौंडला चहाचे गाव समजत असतील. पण गावातल्या घराघरांत फिटर, फायरमन, टर्नर, गार्ड. शेडचे मालक मिस्त्री आज पन्नाशीला आले आहेत. त्यांचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर होते. निवृत्त होऊन गावी आले, फंडाच्या पैशांतून मुलाला जुना लेथ घेऊन दिला आणि स्वतः शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले ते अजून बसलेले आहेत. वय ब्याऐंशी. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की कट जड पडला, तर पाठमोरे असतानाही ‘फीड कमी कर’ म्हणतात.

लेथ सहा फुटी आहे. त्यावर नाव किर्लोस्करांचे आणि गाव हरिहर. किर्लोस्कर म्हटले की आपल्या पिढीतल्या घरांना आधी मासिके आठवतात. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेली ‘किर्लोस्कर खबर’, मागाहून 1930 चे ‘स्त्री’. ज्या वाडीत ही मासिके निघाली, त्याच वाडीत नांगर ओतले जात होते हे आपण विसरतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून त्यांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले, आणि 1910 मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी प्रथम घेईनात. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती. हरिहरचा लेथचा कारखाना 1941 मधला. युद्धामुळे विलायतेहून यंत्रे येणे कठीण झालेल्या त्या काळात आपल्याकडे लेथ करायचे मनात आणणे हेच धाडस होते. तो कारखाना आता बंद झाला आहे, पण त्याचे लेथ महाराष्ट्रातल्या शेडशेडमध्ये अजून फिरत आहेत. बंगलोरच्या सरकारी एच. एम. टी. कारखान्याचा जन्म त्यानंतरचा, 1953 चा.

हा लेथ म्हातारा झाला होता हे खरे. चकजवळचा बेड सर्वांत जास्त झिजतो, कारण रोजचे बहुतेक काम तिथेच होते. तिथे हत्यार किंचित खाली बसते, आणि सरळ काढायला घेतलेला शाफ्टही एका टोकाला केसभर जाड निघतो. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. शेड मोक्याच्या रस्त्यावर. मोबाइलच्या दुकानासाठी भाडे द्यायला माणूस तयार होता. मिस्त्रींचे मन त्या बाजूला झुकत चालले होते. घरात पॉलिटेक्निकला जाणारी मुलगी आणि महिन्याला चार-दोन बुशिंगांची कामे, हा हिशेब कसा बसावा?

अशात एक काम आले. पंपांची दुरुस्ती करणाऱ्या एका व्यापाऱ्याला उसाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी चाळीस शाफ्ट हवे होते. लांबी 750 मिलिमीटर, जाडी 50, आणि एका टोकाचे 150 मिलिमीटर निमुळते, दहाला एक. म्हणजे दर दहा मिलिमीटर लांबीला व्यास एक मिलिमीटरने कमी व्हायचा, 50 वरून 35 वर यायचा. असल्या टोकावर पंपाचे चाक चढवून नट आवळला की ते कुदळीच्या दांड्यासारखे घट्ट बसते. पुण्याला संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या लेथवर हे काम चुटकीसरशी होते, पण तिथल्या लोकांना चाळीस नगांसाठी वेळ नव्हता. मिस्त्रींना वेळच वेळ होता; नव्हती ती सोय.

निमुळते काम काढण्याचे जुने मार्ग दोन. पहिला मार्ग म्हणजे हत्याराखालचा छोटा पाट, ज्याला कंपाउंड म्हणतात, तो तिरका फिरवायचा आणि हाताने हँडल फिरवत कट घ्यायचा. सोपे आहे, पण त्या पाटाची चाल पुरत नाही. या लेथवर ती जेमतेम चार इंच, म्हणजे 100 मिलिमीटर. शाफ्टचे टोक दीडशेचे. दोन टप्प्यांत काढले तर मध्ये सांधा दिसणार. आणि हँडल हाताने फिरवायचे म्हणजे चाळिसाव्या शाफ्टपर्यंत हाताचीच शाफ्ट व्हायची.

दुसरा मार्ग टेलस्टॉक बाजूला सरकवण्याचा. काम तिरके बसते, हत्यार सरळ चालते, म्हणजे आकार तिरका निघतो. यात एक मेख आहे. टेलस्टॉक किती सरकवायचा हे निमुळत्या भागाच्या लांबीवर ठरत नाही. सबंध शाफ्टच्या लांबीवर ठरते. मिस्त्रींच्या मुलीने कागदावर मांडून दाखवले: 750 चा दहावा भाग 75, त्याचा निम्मा साडेसदतीस मिलिमीटर. आबांनी न पाहताच सांगितले, ‘म्हणजे बारा सूत. दीड इंच. एवढा टेलस्टॉक सरकला तर त्याचं नाक तुटेल.’ शिवाय चाळीस शाफ्टांपैकी एखादा जरी लांबीला कमी-जास्त असला, तरी त्याचा उतार बदलणार. आणि शाफ्टचा उरलेला सरळ भाग काढताना टेलस्टॉक पुन्हा जागेवर आणावा लागणार. ही कटकट ज्याने केली आहे त्यालाच ठाऊक.

तिसरा मार्ग टेपर अटॅचमेंटचा. कोऱ्या लेथबरोबर जादा पैसे मोजले तर ती मिळते. आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. कल्पना अगदी साधी आहे. लेथच्या पाठीमागे एक सरळ पोलादी पट्टी हव्या त्या कोनात तिरकी बसवायची. तिच्यावर एक ठोकळा सरकत राहील असा करायचा आणि तो ठोकळा हत्याराच्या आडव्या पाटाला, म्हणजे क्रॉस स्लाइडला, जोडून टाकायचा. आता सॅडल नेहमीप्रमाणे सरळ चालली, की ठोकळा पट्टीवरून तिरका सरकतो आणि हत्याराला हळूहळू आत किंवा बाहेर ओढतो. बैल सरळ चालतो आहे आणि कासरा धरणारा बांधावरून तिरका निघाला आहे, असे म्हणा ना. पट्टीचा जो उतार तोच कामाचा उतार. टेलस्टॉक जागेवर, शाफ्ट लांब असो वा आखूड, पहिला नग आणि चाळिसावा नग सारखेच. भोकाच्या आतला निमुळतेपणाही याच युक्तीने काढता येतो; तो टेलस्टॉक सरकवून कधीच काढता येत नाही.

ती लेथला बाहेरून जोडायची असे मिस्त्रींनी ठरवले तेव्हा आबा म्हणाले, ‘न सांगता टेपर काढतोच आहे तो. आता सांगून काढायला शिकवा.’

पुण्याच्या जुन्या बाजारातून एक घासून सपाट केलेली पोलादी पट्टी आली. कुठल्याशा मोडक्या यंत्राची असावी. तिच्यावर सरकणारा ठोकळा गनमेटलचा केला, कारण पोलादावर पोलाद घासले तर दोन्ही खरवडतात आणि गनमेटल मऊपणाने झीज स्वतःवर घेते. क्रॉस स्लाइडच्या पाठीला दोन बोल्टांनी एक हात लावला, त्याचे टोक ठोकळ्याला. इथे एक शस्त्रक्रिया करावी लागते. क्रॉस स्लाइड एरवी आपल्या स्क्रूने आत-बाहेर होते; स्क्रूने तिला धरून ठेवले तर पट्टी कितीही ओढो, ती हलणार नाही. म्हणून स्क्रूचा नट स्लाइडपासून सोडवायचा आणि उघड्या पडलेल्या भोकावर बूच बसवायचे, म्हणजे कीस आत जाणार नाही. मग हत्यार कामात खुपसायचे कशाने? तर तो छोटा कंपाउंड पाट नव्वद अंशांत फिरवून आडवा करायचा आणि त्याच्या हँडलने कट द्यायचा. एका हँडलची नोकरी दुसऱ्याने करायची, कोणाचा पगार वाढत नाही.

खरा वाद पेटला तो पट्टी कशावर बसवायची यावर. मिस्त्रींचे म्हणणे, बेडच्या पाठीला भोके पाडून ब्रॅकेट पक्के करू. आबा खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत ज्या बेडवर त्यांनी हातोडीसुद्धा ठेवू दिली नव्हती, त्याला भोक? ‘माझ्या पाठीला पाड,’ म्हणाले. दोन दिवस बापलेकांचे बोलणे बंद. मी मध्ये पडलो नाही. पडून उपयोगही नव्हता. शेवटी बेडच्या कडेला धरणारा क्लॅम्प करायचे ठरले.

पट्टीचा कोन लावण्याचा दिवस मला चांगला आठवतो. नातीने मोबाइलवर काढून सांगितले, दोन अंश, एक्कावन्न मिनिटे, पंचेचाळीस सेकंद. आकडा बरोबरच होता. पण अंशाच्या खुणा पाहून पट्टी लावावी तर डोळा पाव अंशाने सहज फसतो, आणि पाव अंश म्हणजे दीडशे मिलिमीटरच्या टोकाला व्यासात सव्वा मिलिमीटरहून जास्त फरक. आबांच्या हिशेबात अंश नव्हतेच. ते म्हणाले, ‘शंभराला पाच.’ हे मला सावकारी व्याजासारखे ऐकू आले. त्यांचा अर्थ असा: व्यासात दहाला एक, तर एका बाजूने विसाला एक, म्हणजे सॅडल शंभर मिलिमीटर चालली की हत्यार बरोबर पाच मिलिमीटर सरकले पाहिजे. कोन किती ते लेथला विचारायचेच नाही. डायल गेज लावला, सॅडल शंभर चालवली. काटा चार आणि काही दाखवी. पट्टीला हातोडीच्या मागच्या बाजूने हलकी टिचकी, पुन्हा शंभर. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. अखेर काटा पाचावर आला आणि तीन वेळा पाचावरच आला, तेव्हा बोल्ट आवळले.

हा विसाला एक म्हणजे आबांचा जुना सोबती आहे. परळला त्यांनी आयुष्यभर इंजिनांची चाके कातली. आगगाडीचे चाक वरवर सपाट दिसते, पण रुळावर टेकणारा त्याचा पृष्ठभाग निमुळता असतो. त्याचा मूळचा ठरलेला उतार विसाला एक. कारण ऐकण्यासारखे आहे. गाडीची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र बाहेरचा रूळ लांब, आतला आखूड. मग बाहेरच्या चाकाने जास्त अंतर कसे तोडावे? वळण आले की चाकांची जोडी बाहेरच्या अंगाला जराशी सरकते. बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर चालू लागते आणि आतले बारीक भागावर. एकाच फेऱ्यात एक जास्त चालतो, दुसरा कमी. पुण्याहून सोलापूरला निघालेले आपण झोपेत असतो आणि खाली हा गोपुच्छ आपले काम करत असतो. ड्रिल धरणाऱ्या मोर्स टेपरचा उतारही जवळजवळ विसाला एकच. अमेरिकेत स्टीफन मोर्स याने तो 1864 मध्ये काढला, आणि आजही खेड्यातल्या शेडपासून मोठ्या कारखान्यापर्यंत ड्रिल त्याच मापाच्या भोकात नुसते दाबून बसवतात. इतका मंद उतार असला की लोखंड लोखंडाला धरून बसते, काढायला ठोकावे लागते. उतार खूप वाढवला की ते आपोआप सुटते. धरणे आणि सोडणे यांत एवढेच अंतर.

पहिला शाफ्ट चढवला. हत्याराचे टोक कामाच्या मध्यरेषेवर आहे की नाही हे मिस्त्रींनी दोनदा तपासले. सरळ काम काढताना ते किंचित वरखाली चालते, पण निमुळत्या कामात चालत नाही, पृष्ठभाग खोलगट होतो. आणखी एक काळजी. ठोकळा, हात, स्लाइड यांच्या सांध्यांत थोडा तरी प्ले असतोच, म्हणून कट कामाच्या आधी इंचभर दुरून सुरू करायचा. हत्यार लोखंडाला भिडेपर्यंत सगळी ढिलाई ओढून घेतलेली असते. कट सुरू झाला. निळसर कीस वेटोळे घेत निघाला. उतार डोळ्यांदेखत उमटत होता. मधेच आबा ओरडले, ‘बंद कर.’

आम्हाला कोणाला काही दिसले नव्हते. मोजल्यावर दिसले. जड कटाच्या ओढीने क्लॅम्प बेडवरून केसभर सरकला होता. दहाला एक उतार असला की क्लॅम्प एक मिलिमीटर हलल्याने व्यासात दहावा भाग मिलिमीटर फरक पडतो, आणि पंपाच्या चाकाला तेवढा फरक खपत नाही. क्लॅम्प आणखी आवळला. दुसऱ्या शाफ्टला पुन्हा तेच. हलका कट घ्यावा तर चाळीस शाफ्टांना हंगाम उलटून जाणार. व्यापाऱ्याचा फोन रोज येत होता. त्या संध्याकाळी मिस्त्रींनी भंगारवाल्याचे नाव काढले, कोणाला उद्देशून असे नाही, नुसतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जाताना शेडवरून गेलो, तर आबा लेथच्या मागे बसकण मारून बसले होते. नात टॉर्च धरून उभी. बेडच्या पाठीवर त्यांनी खडूने रेघ ओढली होती आणि सेंटर पंचाने दोन खुणा मारल्या होत्या. मिस्त्री हातात ड्रिल घेऊन उभे, पण पुढे होईनात. आबांनी ड्रिल मागून घेतले. बीड लोखंड ड्रिलला जड जात नाही. त्याचा कीस वेटोळ्यांचा नसतो, काळी भुकटी पडते. ती भुकटी आबा मधूनमधून बोटांनी पुसत होते. दोन भोके झाली, त्यांत आटे पाडले, ब्रॅकेट बोल्टांनी बसवले. मग ते म्हणाले, ‘आता पिन.’ ब्रॅकेट पुन्हा कधी काढून लावले तरी केसभरही जागा चुकू नये म्हणून त्यातून आणि बेडमधून आरपार एक पिन बसवायची असते, आणि ती पिन स्वतःच निमुळती असते, पन्नासाला एक. टेपरला टेपरनेच धरायचे. बाकी ते काही बोलले नाहीत. मला तासाला दहा मिनिटे उशीर झाला.

त्यानंतर काही सरकले नाही. निमुळते काम पास झाले की नाही हे पाहायची रीत अशी: टोकाला लांबीच्या दिशेने निळ्या रंगाच्या तीन रेघा ओढायच्या, ते गेजच्या भोकात घालून पाव फेरा फिरवायचे आणि काढून पाहायचे. रेघा सगळ्या लांबीभर सारख्या पुसल्या तर उतार बरोबर. एका टोकाला पुसल्या आणि दुसऱ्याला राहिल्या तर चुकला. पहिल्या शाफ्टवर मधल्या बोटभर भागात निळे राहिले होते, तिसऱ्यापासून तेही नाही. सगळे नग संपायला सोळा दिवस लागले. दोन शाफ्ट क्लॅम्पपायी वाया गेले, ते कोपऱ्यात उभे आहेत. मिस्त्री त्यांच्यातून छोटी कामे काढतात. व्यापारी माल न्यायला आला तेव्हा चार नग स्वतः गेजमध्ये घालून पाहिले आणि पाचवा घेतला नाही.

खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ घातली ती यंदा पाठीमागून पट्टीवरूनही फिरवली होती. भंगारवाला आला नाही असे नाही. तो आला, प्रसादाचा पेढा घेऊन गेला. शेड भाड्याने द्यायचे पुढच्या वर्षावर गेले आहे, इतकेच. चाळीस शाफ्टांनी घराचा संसार चालत नाही, हे मिस्त्रीही जाणतात. पण पाइपांना आटे पाडण्याचे एक काम दारात आले आहे, आणि पाइपांचे आटे सोळाला एक अशा उतारावर असतात. यापूर्वी ते काम या शेडवरून पुढे निघून जात असे.

माझ्या वहीत एक शब्द मात्र भर घालून गेला. पट्टीला इंग्रजीत काहीही म्हणोत, शेडमध्ये तिचे नाव ‘कासरा’ पडले आहे. आता नातीने पट्टीच्या कडेवर छिन्नीने बारीक खुणा करायला घेतल्या आहेत, म्हणजे दरवेळी डायल गेज घेऊन शंभराला पाच करीत बसायला नको. खुणेच्या जवळ पट्टी आणायची आणि टिचकी मारून उरलेले बारीक जुळवायचे. दहाला एक झाली. सोळाला एक झाली. विसाला एकची जागा आबांनी कोरी ठेवायला सांगितली आहे. मोर्स टेपरचा एक सेंटर स्वतः काढायचा आणि मग ती खूण मारायची असे त्यांच्या मनात आहे. डोळ्याचे ऑपरेशन तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे.